रिकाम्या झोक्याची फिल्म: मोठ्यांसाठी, हाताने काढून, घरच्या घरी

आपल्याकडे कार्टून म्हटलं की लोक आधी पोरांना हाक मारतात. मी माझी तीन मिनिटांची फिल्म अंगणात चादरीवर दाखवायला बसलो तर शेजारच्या काकूंनी "कार्टून शे ना, पोऱ्हेस्ले बलावा" म्हणून गल्लीतली दहाबारा पोरं आणून पुढे बसवली, आणि फिल्म काय, तर एक म्हातारी आखाजीला लेकीची वाट बघतेय, लेक येत नाही, झोका हलतोय. बस. पोरं दुसऱ्या मिनिटाला पळाली आणि मोठी माणसं बसून राहिली, तेव्हा मला बरं वाटलं. तर अशी फिल्म कशी करायची ते लिहितोय. मी अमळनेरच्या बाजूला राहतो, कोर्स वगैरे काही केलेला नाही, चुका करत शिकलोय, त्यामुळे चुकाही सांगतो.

गोष्ट आधी. जे लोक अर्ध्यात सोडतात ते गोष्ट मोठी घेतात म्हणून सोडतात. तीन पिढ्या, दुष्काळ, कर्ज, सगळं एकाच फिल्ममध्ये कोंबायचं आणि मग चाळीसाव्या चित्राला हात दुखायला लागला की वही कपाटात. गोष्ट अशी घ्या की चहा संपायच्या आत सांगून झाली पाहिजे. मला हे चाळीसगावला कळलं. तिथे स्टेशनजवळ केकी मूस (१९१२–१९८९) राहायचे, मोठे फोटोग्राफर आणि चित्रकार, त्यांचं घर आता म्युझियम आहे. लोक सांगतात की त्यांची आवडती मुलगी मुंबईहून गाडीने येते म्हणाली होती म्हणून ते रोज गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून वाट बघायचे, आणि आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. खरं किती आणि लोकांनी वाढवलेलं किती ते सोडा, पण बघा, एक माणूस, एक दार, एक गाडी, एवढ्यात सगळं आलं. शिवाय ते टेबलावरच घरातल्या वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करून फोटो काढायचे. बाहेर न जाता. आपल्याला एक टेबल आणि एक खोली पुरते हे तिथून घ्या.

माझी गोष्ट आखाजीची. बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात हा लेकीबाळींचा माहेरी यायचा सण, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आमच्याकडचे निम्मे लोक सुरतला, त्यामुळे लेक सुरतहून येणार, झोका बांधून तयार, आणि ती येत नाही. का येत नाही? मी आधी सात कारणं लिहिली होती, सासरचं भांडण, दवाखाना, काय काय. सगळी खोडली. फक्त एक ठेवलं, ओट्यावर पडलेला मोबाईल एकदा उजळतो आणि विझतो, म्हातारी बघते आणि उचलत नाही. मोठ्यांसाठी म्हणजे शिव्या आणि रक्त नव्हे हो, मोठ्यांसाठी म्हणजे बघणाऱ्याला न सांगता कळतं यावर भरवसा ठेवायचा. (थिएटरात लावायची असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, २०२४ पासून यूएचे, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायच्या सर्टिफिकेटचे, ७, १३ आणि १६ असे वयाचे तीन भाग झालेत, पण तो विचार फिल्म पूर्ण झाल्यावर करा, आधी नको.)

आता हिशेब. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते, फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर येणारं एक स्थिर चित्र. दर फ्रेमला नवीन चित्र काढलं तर २४ चित्रं, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२, तीन फ्रेम धरलं तर ८. आपण १२ वर राहायचं. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद गुणिले १२, २,१६० चित्रं. घाबरू नका, कारण उदास फिल्ममध्ये बरंच काही थांबलेलं असतं आणि बरंच पुन्हा वापरता येतं. माझी ७०० च्या आसपास झाली, रोज ८ चित्रं धरली तर तीन महिने. रोज ८ होतात, नोकरी सांभाळून होतात, पण रविवारी ५० काढू म्हणून आठवडाभर बसून राहिलात तर होत नाहीत, हे लिहून ठेवा.

सामान फार नाही. ए४ कागदाचे दोन रीम, साधा झेरॉक्सचाच, फार जाड नको नाहीतर खालचं चित्र दिसत नाही. फिकी निळी रंगपेन्सिल कच्च्या कामाला, वरून पक्क्या रेघेला २बी पेन्सिल. ऑफिसचं दोन भोकांचं पंच मशीन. त्याची भोकं ८ सेंटीमीटर अंतरावर आणि साधारण ६ मिलिमीटरची असतात, म्हणजे सुताराकडून एका पट्टीवर ८ सेंटीमीटर अंतरावर तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी खुंट्या ठोकून घेतल्या की झाली तुमची पेग पट्टी, कागद तिच्यात अडकवला की दर वेळी त्याच जागी बसतो. ही पट्टी नसेल तर बाकी सगळं फुकट, चित्र थरथरत राहतं. लाईटच्या टेबलासाठी मी जुन्या खिडकीची काच घेतली, खाली एलईडी पट्टी, काचेला बटर पेपर चिकटवला. ज्यांना जमेल त्यांनी तयार ट्रेसिंग पॅड घ्या, पण वीज गेली की दोन्ही सारखेच, म्हणून मी दिवसा काच सरळ खिडकीला टेकवून पण काढलंय.

आणि प्रत्येक कागदावर कोपऱ्यात नंबर. काढायच्या आधी नंबर, नंतर नाही. मी म्हटलं नंतर टाकू, मे महिना, पंखा पाचवर, आणि १४० कागद घरभर उडाले, दोन दिवस जमिनीवर बसून पत्ते लावावे तसे जुळवत होतो आणि तरी दोन चित्रं शेवटपर्यंत उलटी राहिली. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, हाताच्या घामाने पेन्सिल पसरते, त्यामुळे तळहाताखाली एक कोरा कागद ठेवायचा आणि शक्यतो पहाटे काढायचं.

चित्रं सुरू करायच्या आधी आवाज. हे लोक उलटं करतात. आधी बोलणं आणि महत्त्वाचे आवाज रेकॉर्ड करा, मग स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटमागून शॉट गोष्ट दाखवणारी, ओबडधोबड चित्रं मोबाईलने फोटो काढून त्या आवाजावर वेळेप्रमाणे लावा, याला अॅनिमॅटिक म्हणतात. माझे २२ शॉट होते आणि पहिला अॅनिमॅटिक पाच मिनिटांचा झाला. दोन मिनिटं तिथेच कापली, फक्त कच्ची रेघ फेकावी लागली म्हणून दुखलं नाही, हीच दोन मिनिटं पक्की काढून मग कापली असती तर रडलो असतो.

माझ्या फिल्ममध्ये बोलणं एकच वाक्य, सुरुवातीला म्हातारी झोका बांधणाऱ्या पोराला म्हणते, "दोर चांगला बांधजो रे भो." अहिराणीतच ठेवलं, खाली प्रमाण मराठीत पट्टी नाही दिली, कोणाला अडलं नाही. मायकेल डुडॉक डी विट यांची फादर अँड डॉटर (२०००) बघा, आठ मिनिटं आहे, एकही संवाद नाही, आणि चेहरे तर इतके लांबून की नीट दिसतही नाहीत, तरी घशाशी येतं. बाकी आवाज गावातून उचला. दोराची कुरकुर, पिठाची गिरणी, लांबून एसटीचा हॉर्न, आणि एक मिनिटभर नुसती दुपार, कोणी बोलत नसताना. ती नुसती दुपार सगळ्यात कामाची, तिच्याशिवाय दोन आवाजांच्या मधली जागा मेल्यासारखी वाटते. आखाजीचं गाणं हवं असेल तर कॅसेट-यूट्यूबवरून उचलू नका, त्या रेकॉर्डिंगवर कोणाचा तरी हक्क असतो, आपल्या आत्याला नाहीतर मावशीला गायला बसवा, सूर हलला तर आणखी छान.

आता झोका. यावर मी सव्वा महिना घालवला म्हणून सविस्तर सांगतो.

झोक्याला एक ये-जा करायला किती वेळ लागतो ते दोराच्या लांबीवर असतं, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. निंबाच्या फांदीवरून तेरा फुटी दोर म्हणजे ४ मीटरच्या जवळ, त्याला एक पूर्ण ये-जा साधारण ४ सेकंद. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ सेकंद, ४८ फ्रेम, आणि दोन-दोन फ्रेम धरलं तर २४ उड्या, म्हणजे दोन्ही टोकं धरून २५ चित्रं. परत येताना तीच २५ चित्रं उलट्या क्रमाने. २५ चित्रांत ४ सेकंद, स्वस्तात काम झालं.

पण ही २५ चित्रं सारख्या अंतरावर काढलीत तर झोका नाही, घड्याळाचा काटा दिसेल. टोकाला झोका रेंगाळतो, मधे धावतो. अंतर काढायची युक्ती कंपासपेटीत आहे. एक कोरा कागद घ्या, झोक्याचं डावं टोक ते उजवं टोक अशी आडवी रेघ मारा, त्या रेघेवर अर्धवर्तुळ काढा, कोनमापकाने त्याचे दर साडेसात अंशाला खुणा करून २४ भाग करा, आणि प्रत्येक खुणेपासून सरळ खाली रेघेवर लंब सोडा. रेघेवर जे ठिपके पडले ते तुमच्या २५ चित्रांच्या जागा, टोकांना दाट, मधे विरळ. मग फांदीच्या गाठीपासून दोऱ्याला पेन्सिल बांधून झोक्याची कमान मारा आणि ठिपके त्या कमानीवर चढवा. हा कागद खाली ठेवून वर काढत जायचं.

आता उदासी कुठे येते ते बघा. झोका हळूहळू थांबतो तेव्हा काय होतं? मला वाटलं हळू होत जातो. म्हणून मी दर फेरीला चित्रं वाढवली, वेळ वाढवला, आणि बघितलं तर झोका तापीत बुडाल्यासारखा, पाण्याखाली हलतोय. ४० चित्रं केराची. मग खरोखर मळ्यात जाऊन झोका सोडून मोबाईलवर शूट केला आणि मोजलं, तर फेरीचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त पल्ला कमी होतो. चार सेकंद म्हणजे चारच सेकंद, पण आधी सहा फूट जाणारा झोका आता दोन फूट, मग एक वीत. हे कागदावर जमलं तेव्हा घरात कोणीतरी म्हटलं, आत्ताच कोणी उतरून गेलंय असं वाटतं. तेच पाहिजे होतं. मी चार पल्ल्यांचे चार गठ्ठे काढले. शेवटचा पल्ला इतका बारीक की २५ चित्रांत रेघेवर रेघ येते, तिथे तीन-तीन फ्रेम धरा, १७ चित्रांत भागतं. आणि फिल्ममध्ये तो पूर्ण थांबेपर्यंत दाखवू नका, एक वीत हलत असतानाच कापा.

दुसरी मोठी गोष्ट, थांबलेलं चित्र. म्हातारी ओट्यावर बसलीय, काही करत नाहीये. सोपं वाटतं ना, एक चित्र काढून आठ सेकंद ठेवून दिलं. पण बाकीची फिल्म हाताने हलतेय आणि मधेच एक चित्र गोठलं की माणूस वाट बघत नाही, मेला असं दिसतं. त्यामुळे तेच चित्र तीन वेळा गिरवायचं, मुद्दाम वेगळं नाही, प्रामाणिकपणे सारखंच काढायचा प्रयत्न करायचा, हाताचा जो फरक पडेल तो पडू द्यायचा, आणि ती तीन चित्रं चार-चार फ्रेम धरून फिरवायची. रेघ श्वास घेते. फक्त १-२-३-१-२-३ असं लावू नका, डोळ्याला ताल लगेच सापडतो आणि मग लोक तालच बघत बसतात, १-३-२-३-१-२ असं विस्कटून लावा. आणि फार जोरात थरथर नको, नाहीतर म्हातारीला थंडी वाजतेय असं होतं, तेही मे महिन्यात.

थांबायचं किती? मी पहिल्यांदा दीड सेकंद ठेवला, काहीच झालं नाही, नुसता शॉट गेला. चारपाच सेकंदांवर बघणारा चुळबुळतो, मोबाईलकडे हात नेतो. आणि सातआठ सेकंदांवर, मधे कापलं नाही तर, तो शांत होतो आणि म्हातारीसोबत बसतो. सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं नाही, पण घरच्या चारपाच जणांना अॅनिमॅटिक दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा.

चेहऱ्यावर जीव काढू नका. अश्रू तर अजिबात नको, पेन्सिलने काढलेला अश्रू म्हणजे साबुदाणा दिसतो. हात काढा. माझी म्हातारी सगळा वेळ कापसाच्या वाती वळते, इथे कापूस घरोघरी, तिचे हात आपोआप चालतात, १६ चित्रांची फेरी आहे, आणि एसटीचा हॉर्न वाजतो तेव्हा फेरी अर्ध्यात थांबते. मान वळत नाही, फक्त हात थांबतात, एवढंच, मग पुन्हा सुरू. मान वळवायचीच असेल तर आधी डोळे, मग मान, मग खांदा, प्रत्येकाला दोन-तीन चित्रांचा उशीर. पाठमोरी बसवली की अर्धी मेहनत वाचते आणि परिणाम दुप्पट, हा आळशीपणा आहे पण चालणारा आहे.

रंगाबद्दल माझं मत जरा वेगळं. दुःख म्हटलं की सगळे निळं-करडं करतात, पाऊस पाडतात. अहो इथे आखाजीला कुठला पाऊस, वैशाखात आमच्याकडे दुःख पांढरं असतं, डोळे दिपवणारं ऊन, सावली निंबाच्या बुडाशी गोळा झालेली. म्हणून मी बराचसा कागद कोराच ठेवला. भिंतीला फक्त गेरू आणि चुन्याचा पट्टा, सावलीला पातळ जांभळट वॉटरकलर, आणि रंगीत असा एकच, झोक्याच्या पाटावर टाकलेली हिरवी गोधडी. मागचं दृश्य प्रत्येक शॉटला एकदाच रंगवायचं, माणसं आणि झोका वेगळ्या कागदावर नुसत्या रेघेत.

शूटिंग पटकन सांगतो. स्कॅनर असेल तर २०० डीपीआय पुरे, ए४ ची लांब बाजू २,३०० पिक्सेलच्या वर जाते, फुल एचडीला १,९२० लागतात. मी तालुक्याला एका दुकानात स्कॅनला दिले तर त्याने कागद सरळ न लावता भराभर फिरवले, सगळे तिरके, पैसे गेले, म्हणून मग मोबाईलनेच काढले. मोबाईल कागदाच्या वर घट्ट बांधा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेड) लॉक, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक, दोन बाजूंनी तिरपे दोन दिवे, खिडकी बंद. ऊन चांगलं दिसतं पण सरकतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर दिव्याचे पट्टे येतात. कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं त्याची यादी आधी कागदावर, याला एक्स-शीट म्हणतात, मी वडिलांच्या दुकानाची जुनी खतावणी वापरली, जमेच्या रकान्यात चित्राचा नंबर आणि नावेच्या रकान्यात फ्रेम, एकदम बसलं.

चित्रं जोडायला कॉम्प्युटरवर क्रिटा किंवा ओपनटून्झ हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, ओपनटून्झ तर २०१६ पासून सगळ्यांना मोकळं आहे. रेघेचा थर मल्टिप्लाय मोडवर टाकला की पांढरा कागद गायब होऊन रेघ मागच्या रंगावर बसते. पण एक गोची आहे, म्हातारीच्या पोटातून मागची भिंत दिसते. एक तर तिच्या आकाराखाली पांढरा रंग भरा, प्रत्येक चित्राला, किंवा माझ्यासारखं मागचं दृश्य काढतानाच ती बसणार तेवढी जागा कोरी सोडा. दुसरा उपाय न हलणाऱ्या माणसालाच चालतो, पण उदास फिल्ममध्ये माणसं कुठे पळतात.

कोणी म्हणेल एवढं एआयने दोन मिनिटांत होतं. होत असेल. फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या एकेक सरकवून फिल्म केली होती, तेव्हाही लोकांनी म्हटलंच असेल की यापेक्षा नट उभे कर. मला ७०० चित्रं काढताना म्हातारीचे हात पाठ झाले, मला त्याचंच कौतुक.

दाखवण्याचं एक राहिलं. त्या दिवशी अंगणात फिल्म संपली, झोका एक वीत हलत असताना कापलेला, काकू पुढे वाकून विचारत होत्या, "मंग ती उनीच नही का?" (म्हणजे ती आलीच नाही का?) आणि मी काही बोलायच्या आत लॅपटॉपने आपणहून फोल्डरमधली पुढची फाईल लावली, चुलतभावाच्या हळदीचा डीजे, फुल आवाजात, सगळी गल्ली हसली. त्यामुळे फाईल बनवताना शेवटी दहा सेकंद काळा पडदा जोडा, त्याखाली ती रेकॉर्ड केलेली नुसती दुपार चालू ठेवा, आणि पेनड्राइव्हमध्ये दुसरं काहीही ठेवू नका.